खिसा

डॉक्टर तडवी त्याला पॉकेट म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो.
बावन्न वर्षं माहीमच्या कापडबाजारात खिसेच शिवले मी,
पॅन्टचे, सफारीचे,
हजला निघालेल्या मौसीच्या कंबरपट्ट्याला आतून चोरखिसा,
आणि आता माझ्याच कातड्याखाली कुणीतरी एक शिवलेला,
डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली.
आत काड्यापेटीएवढं यंत्र,
त्याच्या दोन तारा थेट काळजात.

नऊ वर्षं बरं चाललं.
मग बॅटरी संपत आली. जुनीच शिवण उसवून
नवं यंत्र त्याच खिशात घातलं.
उसवलेल्या जागी पुन्हा शिवलं की कापड जरा हलकंच पडतं,
हे मला कुणी सांगायला नको होतं.
पण स्वतःचं कापड मी कधी बघितलंच नाही.

जखम भरली. दसरा झाला. लग्नसराईचे कोट झाले.
फेब्रुवारीत खाजायला लागलं.
शशिकला म्हणाली, घामोळं असेल.
मी म्हटलं, गंजीची शिवण काचत असेल.
दोघंही शिंप्याच्या घरातले, कापडालाच दोष दिला.

मग लाली. मग हात लावला तर ऊन,
इस्त्री बंद केल्यावर तासाभराने असते तेवढं.
मग कातडं ताणलेलं, चकचकीत,
खालचा यंत्राचा कोपरा दिसावा इतकं झिरझिरीत,
मलमलीखाली बटण दिसतं तसं.

गल्लीतल्या डॉक्टरने सुई काढली.
पाणी झालंय, ओढून टाकतो, म्हणाला.
का कोण जाणे, शर्टाची बटणं लावून मी उठलो.
तडवीबाईंनी ऐकलं आणि क्षणभर डोळे मिटले.
‘लावू दिली नाहीत ना? त्यावर सुई लावायची नसते कधी.’
साऱ्या आयुष्यात एवढ्या एकाच जागी
सुई न लावल्याची शाबासकी मिळाली.

पुढचं ऐकून मात्र घशाला कोरड.
नुसतं यंत्र काढून भागत नाही.
जंतू तारेवर बसतात, तार धरून आत उतरतात,
म्हणजे ताराही काढायच्या, मुळापासून,
आणि त्या एवढ्या वर्षांत शिरेला चिकटलेल्या,
जुन्या कोटाला आतला कॅनव्हास चिकटतो तशा;
ओढला तर कापडासकट येतो.
‘फाटलं तर?’ मी विचारलं.
‘सर्जन बाजूलाच उभे असतील,’ त्या म्हणाल्या.
फाटणार नाही, असं म्हणाल्या नाहीत.
गिऱ्हाइकाशी मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

निघाल्या तारा. साडेतीन तास.

परळ. चौथा मजला. खाट अकरा.
मानेतून आता एक तात्पुरती तार,
तिचं टोक खाटेच्या दांडीला बांधलेल्या डबीत.
सहा दिवस माझी धडधड अशी बाहेर टांगलेली.
सफाईच्या मावशी फडकं घेऊन येतात,
‘बाबा, तुमचं काळीज जरा बाजूला घेऊ?
लादी पुसायचीय.’

डावा खिसा रिकामा, उघडा ठेवलेला,
तळापासून हळूहळू भरत येणारा.
सिस्टर लिसी रोज पट्टी बदलते.
मी मान वाकडी करून बघतो: कच्चा टाकासुद्धा नाही.
न शिवणं हेही काम असतं म्हणे.

काल राउंडला तडवीबाई उजव्या बाजूला
पेनने खूण करून गेल्या, माझ्या खडूसारखीच.
नवा खिसा इथे.
मी म्हटलं, बाई, एक सांगू का,
शिवणीला जरा माया ठेवा.
त्यांना कळलं नाही.
शिवणीपलीकडे अर्धा इंच कापड राखतो आम्ही,
पुढे पोट सुटलं तर, उसवावं लागलं तर.
त्याला माया म्हणतात.

पेनाला टोपण लावता लावता त्या थांबल्या.
खूण पुन्हा एकदा बोटाने चाचपली.
‘तुमच्या अंगावर फारशी उरलेली नाही,’ म्हणाल्या,
‘पण बघते.’